बायलॉज, उपविधी, पोटनियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दल लिहायला लागल्यापासून सर्वाधिक पत्रं येतात ती एकाच वाक्यावरून: "हे बायलॉजमध्ये आहे." सेक्रेटरी म्हणतात, शेजारी म्हणतात, वॉचमनसुद्धा म्हणतो. नेमकं कुठल्या बायलॉजमध्ये, कितव्या क्रमांकावर आणि तो बायलॉज नोंदवलेला आहे का, हे मात्र कोणी सांगत नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांची आहेत, कारण हा शब्द आपल्याकडे सर्वात जास्त तिथेच वापरला जातो.

१. बायलॉज म्हणजे नेमकं काय? वकिली भाषेत नको, सोपं सांगा.

एखाद्या संस्थेने किंवा स्थानिक प्राधिकरणाने, वरच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात, आपल्या कक्षेपुरते केलेले नियम म्हणजे बायलॉज. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, अधिकार वरून आलेला असतो. कायद्याने परवानगी दिली नसेल तर बायलॉज करता येत नाहीत. दुसरी, ते कक्षेपुरतेच चालतात. तुमच्या सोसायटीचे बायलॉज समोरच्या सोसायटीला लागू नाहीत, आणि गेटबाहेर रस्त्यावर लावलेल्या गाडीलाही नाहीत.

२. 'बाय' म्हणजे दुय्यम, म्हणून बायलॉ म्हणजे दुय्यम कायदा. बरोबर ना?

बऱ्याच जणांना तसं वाटतं आणि अर्थही जुळतो. पण या 'बाय'चं मूळ बहुधा जुन्या नॉर्स भाषेतलं आहे, आणि तिथे त्याचा अर्थ गाव किंवा वस्ती. इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांत शेवटी तोच शब्द आहे. म्हणजे बायलॉ हा मुळात गावाचा कायदा: गुरं कुठे चारायची, बांध कोणी दुरुस्त करायचा. 'दुय्यम' हा अर्थ मागाहून चिकटला. आपल्या 'उपविधी'तला 'उप' मात्र या दुसऱ्या अर्थावरूनच आलेला दिसतो.

३. मराठीत काय लिहायचं? उपविधी, पोटनियम की उपनियम?

तिन्ही चालतात, पण घरं वेगळी आहेत. सरकारी भाषेत, राज्यघटनेच्या मराठी अनुवादात आणि सहकार खात्याच्या कागदांत 'उपविधी' असतो; तो पुल्लिंगी, 'हा उपविधी'. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ यांच्या जगात 'पोटनियम' रूढ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेपरात येणाऱ्या वार्षिक सभेच्या नोटिसा काढून बघा, 'पोटनियम दुरुस्तीस मंजुरी देणे' हा विषय हमखास सापडेल. 'उपनियम' दोन्हीकडे अधूनमधून दिसतो.

गोंधळ 'पोटनियम'मुळे होतो. कायद्याच्या पुस्तकात 'नियम १२ चा पोट-नियम (३)' असं छापलेलं असतं. तिथे पोटनियम म्हणजे एका नियमाचा तुकडा, जसं कलमाचं पोटकलम. कारखान्याच्या नोटिशीतला पोटनियम म्हणजे अख्खा बायलॉ. एकाच पत्रात दोन्ही अर्थ येणार असतील तर बायलॉसाठी 'उपविधी' वापरा. बोलताना मात्र बायलॉजच म्हणा, कोणी हसणार नाही. 'एक बायलॉज' असंही सर्रास म्हणतात. व्याकरणाने एक तो बायलॉ, पण त्यावरून सभेत वाद घालू नये.

४. कायदा, नियम, विनियम, उपविधी, जीआर, परिपत्रक. यात कोण कोणाच्या वर?

सोसायटीपुरतं बघू. सर्वात वर राज्यघटना. तिच्याखाली विधिमंडळाने केलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याच्या कलम १६५ खाली राज्य सरकारने केलेले महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१. त्याखाली तुमच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी. त्याखाली सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि तळाला व्यवस्थापक समितीचा निर्णय. खालचा वरच्याशी भांडला तर खालचा पडतो.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, या उतरंडीत कुठे बसतो हे त्याच्या पहिल्या परिच्छेदावर ठरतं. कायद्याच्या एखाद्या कलमाखाली दिलेला निदेश असेल तर तो संस्थेला बांधतो. पुनर्विकासाबाबतचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय कलम ७९-अ खालचा आहे, म्हणून त्याला वजन आहे. नुसतं परिपत्रक अधिकाऱ्यांना सूचना देतं. ते उपविधी रद्द करू शकत नाही.

विनियम साधारणपणे कायद्याने स्थापन केलेली मंडळं, प्राधिकरणं करतात, उदाहरणार्थ सेबी. विद्यापीठांत तर परिनियम, अध्यादेश आणि विनियम अशी स्वतंत्र उतरंडच असते. सोसायटीत विनियम नसतात. कोणी 'रूल्स अँड रेग्युलेशन्स' म्हणून कागद पुढे केला तर तो उपविधी आहे, ठराव आहे की कमिटीने टाइप करून आणलेलं पान आहे, एवढं विचारा.

५. मग सोसायटीचे बायलॉज म्हणजे कायदाच झाला ना?

नाही. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दाच्या व्याप्तीत अध्यादेश, आदेश, नियम, विनियम, अधिसूचना यांच्याबरोबर उपविधीही आहे, आणि त्यावर बोट ठेवून हा प्रश्न येतो. पण तिथला उपविधी म्हणजे महापालिकेसारख्या संस्थेने जनतेसाठी केलेला (प्रश्न १५ पाहा). सहकारी संस्थेचे उपविधी हा तिचा अंतर्गत कारभार. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच म्हटलं आहे की त्यांना कायद्याचं बळ नाही. कंपनीच्या नियमावलीसारखे ते संस्था आणि सभासद यांना एकमेकांशी बांधतात.

म्हणजे हा एक प्रकारचा करार. सभासद होताना तुम्ही अर्जात 'संस्थेचे उपविधी मला मान्य आहेत' अशा अर्थाच्या ओळीखाली सही केलेली असते. 'मी वाचलेच नव्हते' हा बचाव त्यामुळे चालत नाही. पण करार आहे म्हणूनच तो संस्थेलाही तितकाच बांधतो, आणि हे कमिटीला सांगायला लागतं.

६. इंटरनेटवरून मॉडेल बायलॉज काढले. आमच्या सेक्रेटरींकडची प्रत वेगळी आहे. खरे कुठले?

सेक्रेटरींकडचे, पण एका अटीवर: त्यांच्यावर उपनिबंधकांचा, म्हणजे संस्थांची नोंदणी करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्याचा, नोंदणीचा शिक्का हवा. मॉडेल म्हणजे आदर्श उपविधी हा सहकार खात्याने दिलेला नमुना आहे. त्यात मोकळ्या जागा असतात: संस्थेचं नाव, समितीत किती जण, भागभांडवल किती. त्या भरून, सभेत मंजूर करून, नोंदवून घेतल्यावर तो तुमचा उपविधी होतो. तोपर्यंत तो नमुनाच.

नोंदणीकृत प्रत ओळखणं अवघड नाही. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो, गृहनिर्माण संस्थेच्या क्रमांकात 'एचएसजी' ही अक्षरं असतात. गोल शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि तारीख असते. जुन्या प्रतींत मोकळ्या जागा शाईने भरलेल्या दिसतात. या मोकळ्या जागा न भरताच नोंदवलेल्या प्रतीही पाहिल्या आहेत, 'समितीची सदस्यसंख्या...... राहील' असं ठिपक्यांसकट. अशा ठिकाणी वाद झाला की कोणाच्याच हातात काही नसतं.

आणखी एक सावधगिरी. १९८४ किंवा २००१ च्या प्रतीतला क्रमांक आणि २०१४ च्या नमुन्यातला क्रमांक जुळत नाहीत. पत्रात क्रमांक लिहाल तो तुमच्या संस्थेच्या प्रतीतला लिहा.

७. आमच्या सोसायटीने २०१४ चे नवे बायलॉज स्वीकारलेच नाहीत. आता आमचे जुने रद्द झाले का?

आपोआप रद्द होत नाहीत. जुने नोंदणीकृत उपविधी चालू राहतात, फक्त कायद्यात झालेल्या बदलांच्या विरोधात जाणारा भाग निकामी होतो. २०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं, म्हणजे १५४ब ची कलमं. ती तुमच्या उपविधीत नसली तरी लागू आहेतच. नवे स्वीकारणं शहाणपणाचं, कारण जुनी प्रत आणि नवा कायदा शेजारी ठेवून वाचण्याचं काम नाहीतर प्रत्येक वादात करावं लागतं.

८. सेक्रेटरी बायलॉजची प्रत देत नाहीत. काय करू?

कलम ३२ नुसार अधिनियम, नियम आणि उपविधी संस्थेच्या कार्यालयात मोफत पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. शुल्क भरून प्रतही मागता येते. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

तरी नाही मिळाली तर उपनिबंधक कार्यालयात तुमच्या संस्थेच्या फाइलमध्ये एक प्रत असते. ते सरकारी कार्यालय असल्याने तिथे माहिती अधिकाराचा अर्ज चालतो. थेट सोसायटीला आरटीआय टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सरकारची मालकी, नियंत्रण किंवा भरीव निधी नसलेली सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही.

९. बायलॉज बदलायचे असतील तर किती मतं लागतात?

सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. एकूण सभासदांच्या नव्हे, हे नीट वाचा. साठ सभासद आहेत, तीस आले, त्यातल्या सहांनी हात वर केलाच नाही, चोवीस जणांनी मत दिलं, तर सोळा पुरतात. (गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, अर्थात हवीच.) 'आपण गेलोच नाही, मग कसं मंजूर झालं?' असं नंतर विचारणाऱ्यांना याच गणितात उत्तर मिळतं.

सभेच्या नोटिशीत दुरुस्तीचा विषय असायला हवा. 'आयत्या वेळचे विषय' यात उपविधी बदलता येत नाही. मंजुरीनंतर दोन महिन्यांच्या आत ठराव आणि दुरुस्तीचा मसुदा निबंधकांकडे पाठवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कलम १३ प्रमाणे नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती वैध नाही. टाळ्यांच्या गजरात मंजूर झालेली पण कपाटातच राहिलेली दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती नव्हे. अशा कितीतरी आहेत.

१०. सर्वसाधारण सभा सर्वोच्च असते. मग सभेने ठराव केला की तोच बायलॉ नाही का?

सभा सर्वोच्च आहे हे कलम ७२ मध्ये आहे, पण 'अधिनियम, नियम आणि उपविधी यांच्या अधीन राहून'. हा अर्धा भाग सभेत कोणी वाचत नाही.

नेहमीचं उदाहरण मेंटेनन्सचं. मोठ्या फ्लॅटवाल्यांनी जास्त द्यावं, असं लहान फ्लॅटवाल्यांना वाटतं. ते संख्येने जास्त असतात, ठराव होतो. पण आदर्श उपविधीत सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखं आहे. लिफ्टचा खर्चही सर्वांना सारखा, तळमजल्यावाल्यांनाही. पाणी नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान ०.२५ टक्के, म्हणून या दोन रकमा क्षेत्रफळाप्रमाणे बदलतात. तुमच्या उपविधीत हे असंच असेल तर ठरावाने सेवाशुल्क चौरस फुटांवर नेता येत नाही. न्याय्य वाटतं का, हा वेगळा वाद. माझ्या मते तळमजल्याची तक्रार समजण्यासारखी आहे. पण वाट प्रश्न ९ मधली, ठरावाची नव्हे.

११. "बॅचलर भाडेकरू चालणार नाहीत", "कुत्रा पाळायचा नाही" असे बोर्ड लावलेत. बायलॉजमध्ये खरंच असं आहे?

आदर्श उपविधीत नाही. फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवणं आणि लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत देणं अपेक्षित आहे. २०१४ च्या नमुन्यात त्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. भाडेकरूचं लग्न झालंय की नाही हा प्रश्नच त्यात येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) लावता येतं, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सेवाशुल्काच्या म्हणजे पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे: महापालिकेचा कर वगैरे वगळून.

कुत्र्यांबाबत भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रहिवासी संघटनेला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. घाण उचलण्याची, पट्टा लावण्याची विनंती करता येते, आणि ती पाळावी.

१२. नियम मोडला म्हणून कमिटीने दहा हजार दंड लावला. चालतं?

कमिटीने परस्पर लावलेला दंड चालत नाही. आधी नोटीस, मग सभासदाचं म्हणणं ऐकणं, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय, असा क्रम आहे. २०१४ च्या नमुन्यात दंडाची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे. तुमच्या प्रतीतला आकडा वेगळा असू शकतो, तो पाहा. बिलात 'इतर' या रकान्यात गुपचूप टाकलेला आकडा दिसला तर बिल भरताना 'हरकत नोंदवून' असं लिहून भरा. बिलच थांबवलंत तर थकबाकीदार तुम्हीच ठरता.

१३. फ्लॅट विकताना सोसायटी लाखभर "स्वेच्छा देणगी" मागते. बायलॉजमध्ये ट्रान्सफरचं काय आहे?

हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, नव्या सभासदाचं प्रवेश शुल्क १०० रुपये. याशिवाय हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम. तो सर्वसाधारण सभेने ठरवायचा, आणि महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. लहान गावांत ती उतरत जाते आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,००० वर येते. कुटुंबातल्या व्यक्तीला, वारसाला किंवा नामनिर्देशित व्यक्तीला हस्तांतरण होत असेल तर प्रीमियम नाहीच.

एनओसी अडवून मागितलेली देणगी स्वेच्छेची कशी? 'बिल्डिंग फंड', 'वेलफेअर फंड', 'रंगकाम सहाय्य' अशी नावं बदलून हीच मागणी येते. द्यायचीच असेल तर पावतीवर नेमकं कारण लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी पावतीचा विषय निघाला की रक्कम खाली येते.

१४. फक्त एका समाजाच्या लोकांनाच सभासद करून घेणारा बायलॉ चालतो का?

इथे उत्तर अनेकांना पटत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत सभासदत्व पारशांपुरतं होतं. एका सभासदाला पारशी नसलेल्या बिल्डरला विक्री करायची होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचा उपविधी उचलून धरला: कायद्यात मनाई नसेल आणि उपविधी रीतसर नोंदलेला असेल तर सभासदांनी स्वतः पत्करलेलं हे बंधन वैध आहे. समतेचा मूलभूत हक्क इथे का लागला नाही, याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे. संस्था म्हणजे राज्य नव्हे आणि उपविधी म्हणजे कायदा नव्हे.

हा निकाल गुजरातच्या सहकार कायद्याखालचा आणि नोंदणीकृत उपविधीबद्दलचा आहे. उपविधीत अक्षरही नसताना 'आमच्याकडे अमुक लोकांना देत नाही' असं तोंडी सांगणाऱ्या सोसायटीला तो वापरता येत नाही.

१५. रस्त्यावर थुंकलो म्हणून महापालिकेच्या क्लीन-अप मार्शलने दंडाची पावती फाडली. तोही "बायलॉज" म्हणत होता. हे सोसायटीवालेच बायलॉज का?

शब्द तोच, जात वेगळी. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ४६१ मध्ये महापालिकेला उपविधी करण्याचा अधिकार आहे. बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधी, २००६ तशाच अधिकारातून आले. त्यांना कायद्याचं बळ आहे. तुम्ही सही केली नसली, मुंबईत राहत नसलात, दादरला फक्त लोकल बदलायला उतरला असलात तरी ते लागू.

बळ जास्त म्हणून कसोटीही कडक. इंग्लंडमध्ये केंट परगण्याच्या कौन्सिलने असा बायलॉ केला होता की घरापासून पन्नास यार्डांच्या आत गाणं-वाजवणं पोलिसाने थांबवायला सांगितल्यावर थांबवलंच पाहिजे. उघड्यावर प्रार्थना घेणारे क्रूस नावाचे गृहस्थ थांबले नाहीत. १८९८ मध्ये न्यायालयाने बायलॉ वैध ठरवला, पण तो अन्यायकारक, पक्षपाती किंवा जुलमी असेल तर रद्द करता येईल हेही सांगून ठेवलं. आपल्याकडेही नगरपालिकांच्या उपविधींवरच्या वादात हा निकाल उद्धृत होतो.

कॅनडात राहणाऱ्या वाचकांना 'बायलॉ ऑफिसर' ओळखीचा असेल: बर्फ काढला नाही, पार्किंग चुकलं, की तोच येतो. तो या जातीतला. अमेरिकेत कंपनीचे 'बायलॉज' म्हणतात ते पुन्हा अंतर्गत कारभाराचे, आपल्या सोसायटीसारखे.

१६. आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. आम्हाला हे सगळं लागू आहे का?

बरंचसं नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं घोषणापत्र, नोंदवलं असेल तर तुमचे उपविधी त्याला जोडलेले असतात. तिथे सहकारी संस्थेचा कायदा आणि आदर्श उपविधी लागू होत नाहीत; खर्चाचा वाटाही साधारणपणे अविभक्त हिश्शाच्या (सामायिक जागेतल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या) टक्केवारीवर असतो, म्हणून प्रश्न १० मधलं समान सेवाशुल्क इथे चालवू नका. गोव्यातल्या सोसायट्यांसाठी गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ आहे. तिथली प्रत तिथल्या निबंधकांकडची पाहावी.

१७. तक्रार अर्जात बायलॉजचा उल्लेख कसा करावा?

'आपण बायलॉजचा भंग करीत आहात' एवढ्याने काही होत नाही. कुठल्या तारखेला नोंदवलेली प्रत, कितवा उपविधी, त्यात काय म्हटलंय, प्रत्यक्षात काय झालंय आणि तुम्हाला काय हवंय, एवढं लिहा. उदाहरणार्थ:

'संस्थेच्या दि. ...... रोजी नोंदणी झालेल्या उपविधींमधील क्र. ...... नुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान आहे. एप्रिलच्या बिलात ते क्षेत्रफळानुसार आकारले आहे. सदर बिल दुरुस्त करून द्यावे व तसा बदल उपविधीत झाला असल्यास निबंधकांच्या नोंदणी आदेशाची प्रत द्यावी.'

शेवटचं वाक्य वगळू नका. आधी कमिटीला द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर उपनिबंधक. सभासद आणि संस्था यांच्यातला व्यवहाराचा वाद असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय.